तिसऱ्या पानाशी

मिस्त्रीणबाईंना सगळी गल्ली मिस्त्रीणबाई म्हणते आणि त्यांना ते मुळीच आवडत नाही. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली. शेवटची नऊ वर्षं तर तिथल्या मुख्य होत्या, माणूस आत उभा राहील एवढाल्या मशीनांवर आणि अठरा बायकांवर हुकूम चालवला. पण गल्लीला त्याचं काय पडलंय? नवरा मिस्त्री, म्हणून बायको मिस्त्रीणबाई, झालं. नवऱ्याच्या सदऱ्यावरचा भुसा झटकण्यापलीकडे सुतारकामाशी त्यांचा संबंध नव्हता. आणि आता चौसष्टाव्या वर्षी, पाय पसरून पडायच्या वयात, रोज सकाळी त्या जमिनीवर गुडघे टेकून एका मशीनच्या रुळांतला भुसा दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढत बसायच्या. नशीब म्हणतात ते हेच.

मशीन मुलीनं आणून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, पाय ओढत का होईना चालू लागले, पण उजव्या हातात पटाशी धरण्याइतका जोर काही परत आला नाही. चाळीस वर्षं दारांवर आणि खुर्च्यांच्या पाठींवर पानंफुलं कोरलेला माणूस खिडकीशी खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडं बघत बसायला लागला. जेवण समोर ठेवलं तर जेवायचा, उठा म्हटलं तर उठायचा. मुलगी परगावी असते. वर्षभर तिनं हे बघितलं आणि एक दिवस भली मोठी पेटी दारात येऊन पडली. लाकूड कोरायचं घरगुती मशीन, जेवणाच्या टेबलाएवढं. खाली लाकूड बसवायचा पाट, त्यावर रुळांवरून पुढंमागं सरकणारा आडवा दांडा, दांड्यावर मोटर आणि मोटरीच्या तोंडाला कोरायचं बिट. कॉम्प्युटरात चित्र घातलं की मशीन आपलं आपण कोरत जातं.

ते ठेवलं मागच्या खोलीत. ती खोली मिस्त्रीणबाईंनी स्वतःसाठी धरून ठेवली होती. एक खाट, खिडकीला निळा पडदा, आणि दुपारी दार लावून घेतलं की दोन तास कुणी हाक मारायची नाही, एवढंच त्यांना हवं होतं. पडद्याचं कापडही आणून झालं होतं. ते कापड आता मशीनवर झाकायला होतं.

तरी त्या काही बोलल्या नाहीत. कारण मशीनवर पहिली पाटी कोरून निघाली त्या दिवशी मिस्त्री स्वतःहून जेवायला आले आणि मीठ कमी आहे म्हणाले. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी कशाला तरी नाव ठेवलं होतं. बाई मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या.

मिस्त्रींना वाकता येत नाही आणि उजव्या हातानं किल्लीही फिरवता येत नाही, म्हणून मशीनची निगा आपसूक बाईंच्या गळ्यात पडली. काम संपलं की आधी मोठा भुसा व्हॅक्यूमनं ओढायचा, मग रुळांतला ब्रशनं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचं. आठवड्यातून एकदा ॲलन की घेऊन एकेक स्क्रू चाचपायचा, पट्टा बोटानं दाबून त्याचा ताण बघायचा, बिट भिंगाखाली धरून धार गेली का ते बघायचं. मिस्त्री स्टुलावर बसून सूचना करायचे आणि त्यातल्या निम्म्या बाई कानाआड करायच्या. मिस्त्रींचं सारखं एकच, रुळांना तेल लाव, लोखंड तेलाशिवाय राहत नाही. बाई म्हणायच्या, "तेल लावलं की भुसा चिकटेल आणि उद्या खरवडायला मलाच बसावं लागेल. लोखंडाचं तुम्ही मला सांगू नका, मी एकतीस वर्षं त्याच्याबरोबर नांदलेय." खरं सांगायचं तर मशीन त्यांच्या हातात बसलं होतं. आणि जो करतो त्याच्याच माथी काम येतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग वाचनालयाचं काम आलं. वाचनालयाच्या सहा कपाटांची दारं मिस्त्रींनीच ऐन उमेदीत कोरली होती, पाच पानांची वेल, वळत वळत वर जाणारी. ती दारं वाळवीनं खाल्ली. ग्रंथपाल स्वतः घरी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, आधी एक दार नमुन्याला करून द्या. जुन्यासारखं जमलं तर बाकीची पाचही तुमचीच." मिस्त्रींनी ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला वेलीचा जुना कागद काढला, मुलीनं त्यावरून कॉम्प्युटरात चित्र केलं. वाळलेलं जुनं लाकूड हवं म्हणून घरातला पाहुण्यांचा पलंग मोडला. त्याच्या चार फळ्या निघाल्या.

पहिली फळी लावली. दोन पानं अशी उतरली की मिस्त्री स्टुलावरून उठून उठून बघत होते. तिसऱ्या पानाच्या टोकाशी आलं, आणि तिथून पुढं सगळी वेल सूतभर बाजूला सरकली. देठ एकीकडं, पान दुसरीकडं. फळी वाया.

दुरुस्ती म्हणजे काय, हे ज्यांनी केलीय त्यांनाच कळतं. बाईंनी पट्टा ताणला. मोटरीच्या दांडीवरचा बारीक स्क्रू थोडा सैल वाटला, तो आवळला. बिट नवं घातलं. व्हॅक्यूमची वायर मशीनच्या वायरीपासून लांब नेली, कारण मुलगी म्हणाली की त्यानंही गडबड होते. फळीला दोनाच्या जागी सहा शिकंजे लावले. मग लाकूड काढून, बिट वर उचलून सगळं काम नुसतं हवेत चालवून बघितलं. तीन तास मशीन हवेत वेल कोरत होतं, मिस्त्री पुढच्या खोलीत झोपले होते, बाई शेंगा सोलत होत्या. शेवटी बिट बरोबर सुरुवातीला पाटावर मारलेल्या पेन्सिलीच्या फुलीवर परत आलं, केसाचा फरक नाही. दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसरी फळी लावली. तिसऱ्या पानाशी वेल पुन्हा सरकली.

"लाकडात शिरलं की जोर पडत असेल, आई," मुलगी फोनवर म्हणाली. "वेग कमी करा. आणि तिसरी फळी लावाल तेव्हा त्या पानाच्या वेळचा व्हिडिओ काढ, दुरुस्तीवाले व्हिडिओशिवाय बोलतच नाहीत."

गुरुवारी तिसरी फळी लावली. एरवी मशीन सुरू झालं की बाई दाराखाली ओला टॉवेल लावून स्वयंपाकघरात जायच्या, पण त्या दिवशी नाकाला फडकं बांधून फोन धरून उभ्या राहिल्या. दुसरं पान संपत आल्यापासून वीस मिनिटं हात वर. खांद्यातून कळा येत होत्या, डोळे बिटावर लावलेले. तिसरं पान आलं आणि टक् असा बारीक आवाज झाला. सरकलं.

मिस्त्रींनी डाव्या हातानं बटण दाबून मशीन बंद केलं. ओरडले नाहीत, काही नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बास झालं," ते म्हणाले. "पाटीवाल्याला निरोप दे. रविवारी येऊन घेऊन जाऊ दे."

पाटीवाला म्हणजे दोन गल्ल्या सोडून दुकानांच्या पाट्या करणारा. मशीन आलं त्या दिवसापासून त्याचा त्याच्यावर डोळा होता.

"एक फळी आहे अजून," बाई म्हणाल्या.

"राहू दे. माझ्यानं आता होत नाही." आणि मिस्त्री पाय ओढत जाऊन खिडकीशी, त्याच खुर्चीत बसले.

आता इथं लपवण्यात अर्थ नाही. मिस्त्रीणबाईंना वाईट वाटलं, पण त्याच्याआधी हायसं वाटलं. उशीवर भुसा, पाण्याच्या माठावर भुसा, खोकल्यात भुसा. रविवारी हे सगळं पाटीवाल्याच्या टेम्पोत बसून जाणार होतं. त्या आनंदाची त्यांना लाज वाटली आणि लाज वाटूनही तो आनंद काही कमी झाला नाही.

व्हिडिओ पाठवण्याआधी त्यांनी तो बघितला, एवढ्याचसाठी की मध्ये आपलं बोट आलंय की काय ते बघावं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, आवाज बंद करून. बिट फिरतंय, भुसा उडतोय, दुसरं पान संपलं. मग चित्रात मिस्त्री स्टुलावरून उठले. दोन पावलं पुढं आले. तिसऱ्या पानाच्या नाजूक टोकाशी, जिथं पटाशी सगळ्यात हलकी धरावी लागते तिथं, त्यांनी डावा हात पुढं केला आणि सरकत्या दांड्यावर ठेवला. चार बोटं पसरून, अंगठा बाहेर, अंगाचा थोडा भार देऊन. लाकूड डाव्या हातानं दाबून धरल्याशिवाय उजव्या हाताची पटाशी चालवायची नाही, हे त्यांना लहानपणी कुणी तरी शिकवलं होतं. दांडा अडला, मोटर गुरगुरली, पट्ट्याचे दोन दात सुटले, पुन्हा चालू लागली. हात तिथंच होता.

बाईंनी तो तुकडा तीनदा बघितला. मग फोन पालथा ठेवला.

त्यांची धुलाईखान्यातली अक्कल लगेच जागी झाली. हवेत चालवलं तेव्हा हे झोपले होते, म्हणून फुलीवर आलं. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. आणि हे आता फक्त त्यांनाच माहीत होतं. गप्प बसलं की रविवारी मशीन जाणार, मिस्त्री जन्मभर म्हणणार मशीन खोटं निघालं, आणि खोली रिकामी. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. फक्त मिस्त्री पुन्हा त्या भिंतीकडं बघत बसणार होते, आणि ह्या वेळी त्यातून बाहेर काढायला कुणी काही पेटी पाठवणार नव्हतं.

शुक्रवारी मुलीचा फोन आला. "आई, पाठवलास?"

"जात नाहीये गं. नेट अडकतंय," बाई म्हणाल्या. आयुष्यात मुलीशी खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही, पण ह्या खोट्यानंतर त्यांनी फोन घाईनं ठेवून दिला.

त्यांच्या मनात तिसरी वाटही येऊन गेली. शनिवारी मिस्त्रींना न्हाव्याकडं पाठवायचं, आपण एकटीनं फळी लावायची, आणि म्हणायचं, स्क्रू सैल होता, सापडला. त्यांचा मान राहील, कामही होईल. पण मग पुढच्या फळीला काय? दर वेळी न्हाव्याकडं पाठवायचं, तर डोक्यावर केस तरी कुठून आणायचे?

आणि धुलाईखान्यातल्या मावशी आठवल्या. मावशी इस्त्रीवर असायच्या. डोळे अधू झाले, चादरींचे कोपरे जळायला लागले. बाईंनीच ठरवलं होतं की मावशींना कळू द्यायचं नाही. दीड वर्ष चौघींनी मिळून जळक्या चादरी मागच्या मागं बदलल्या. एक दिवस मावशी कपाट उघडायला गेल्या आणि लपवलेल्या जळक्या चादरींचा सगळा गठ्ठा अंगावर आला. डोळ्यांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दीड वर्ष तुम्ही सगळ्या मला हसत होता." कुणीही हसलं नव्हतं. पण मावशी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत, आणि बाई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर बाईंनी फोन मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला.

"अहो, हे बघा. शेवटपर्यंत बघा आणि मगच बोला."

मिस्त्रींनी बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग स्वतःचा डावा हात उलटासुलटा करून बघितला.

"हा मी ठेवलाय?"

"हो."

"मला कळलंसुद्धा नाही." त्यांनी हात मांडीवर पालथा ठेवला. "आणि तू समोर फोन धरून उभी होतीस. तुला दिसलं नाही?"

"नाही दिसलं," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं तुमचा हात लाकडावरच बघितलाय. तो तिथं नसता तर दिसलं असतं."

मिस्त्री हसले नाहीत, पण तोंड वाकडं करून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. मी तर अंगणच विकायला काढलं होतं."

"मग लावायची का शेवटची?"

"लाव."

बाईंनी रूळ पुसले, फळी बसवली, सहाही शिकंजे आवळले, बिटाचं टोक पेन्सिलीच्या फुलीवर आणलं आणि मशीन सुरू केलं. ह्या वेळी त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. स्टुलाशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि मिस्त्रींचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडं बघितलं.

पहिल्या पानाला हात नुसता पडून होता. दुसऱ्या पानाला बोटं हलायला लागली. तिसऱ्या पानाचं टोक आलं तसा तो हात असा ओढ घ्यायला लागला की बाईंना पाय रोवावे लागले. मिस्त्रींची नजर बिटावर होती आणि आपला हात ओढ घेतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं. जित्याची खोड दुसरं काय. बाईंनी हात सोडला नाही. टोक झालं, शीर उमटली, मशीन पुढं गेलं. चौथं पान, पाचवं पान. तीन तासांनी मोटर थांबली तेव्हा बाईंच्या मनगटांना मुंग्या आल्या होत्या आणि पाटावर वेल अखंड होती, खालपासून वरपर्यंत.

बाईंनी भुसा ओढून घेतला. मिस्त्रींनी बोटानं वेलीवरून एक फेरी मारली.

"चांगली झालीय," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी हात काढला तेव्हा झाली. मग माझं काय काम राहिलं इथं?"

बाईंना वाटलं, काही तरी धीराचं बोलावं. पण इतक्या दमल्या होत्या की धीराचं काही सुचेना, आणि खोटं बोलायचं नव्हतं. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या.

"नेऊ दे पाटीवाल्याला," मिस्त्री म्हणाले. "चालू मशीन आहे, त्याचं तरी भलं होईल." आणि जेवताना मिठाबद्दल काही बोलले नाहीत.

रविवारी सकाळी पाटीवाला टेम्पो घेऊन आला. चहा घेतला, मागच्या खोलीत गेला, आणि पाटावरची फळी बघून म्हणाला, "वा. मशीननं काय सुरेख काढलंय हो. एवढं चांगलं चालतंय तर विकताय कशाला?"

"कुणी काढलंय?" मिस्त्री म्हणाले.

"मशीननं."

"मशीननं." मिस्त्रींनी फळी डाव्या हातानं उचलून त्याच्या नाकापुढं धरली. त्यांचा आवाज असा चढलेला बाईंनी झटक्यानंतर ऐकला नव्हता. "ही वेल मी बत्तिसाव्या वर्षी जिन्याखालच्या ओल्या भिंतीवरनं उतरवलीय. हे तिसरं पान बघ. टोक मुडपलंय ना? ते अळीनं खाल्लं होतं, म्हणून मी तसंच ठेवलं, कापून सरळ केलं नाही. आता विचार तुझ्या मशीनला, टोक का मुडपलं म्हणून. सांगतंय का बघ."

"अहो मिस्त्री, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

पाटीवाला बिचारा दोन पावलं मागं सरला. "म्हणजे विकायचं नाही, असंच ना?"

मिस्त्री बाईंकडं बघायला लागले. त्यांचा राग जसा आला तसा उतरला होता आणि ते नुसते वाट बघत होते. बाईंना कळलं की हे आता आपल्यावर आलं. आपण विका म्हटलं तर हा माणूस विकेल, आणि कधी बोलूनही दाखवणार नाही.

"टेम्पो रिकामाच परत न्या," त्या पाटीवाल्याला म्हणाल्या. "मशीन काही मिळायचं नाही."

पाटीवाला कप खाली ठेवून, पुटपुटत निघून गेला. मिस्त्री फळी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते.

"बाकीची पाच दारं करायची म्हणजे," ते फळीकडंच बघत म्हणाले, "तुला प्रत्येक वेळी बसावं लागेल. मी आवरीन म्हणतो, पण माझा हात जातोच. बसशील ना?"

पाच दारं, दाराला तीन तास. पंधरा तास ह्या माणसाचा हात धरून, नाकाला फडकं बांधून त्या आवाजात बसायचं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, सगळं मिळूनसुद्धा त्यांनी एकमेकांचा हात एवढा वेळ धरला नव्हता.

"बसते की," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, आणि पाटीवाल्याचा कप उचलून विसळायला घेऊन गेल्या.